पीळ

मांडवीच्या खाडीत सोडणं घातली
की नऊ महिन्यांनी चिखलातून काढायची.
नवख्याला तो वास सोसवत नाही.
मला त्या वासातच कायतान आठवतो,
दारात उभा राहून ओरडणारा:
"नातालीन, आधी हात धू, मगे पेज वाढ."

त्याला जाऊन अकरा वर्षं झाली.
त्याला आणि त्याच्या रोझीला. सहा वर्षांची.
तिच्या बुटांत अजून वाळू आहे, मी झाडली नाही.
बोटीच्या इंजिनासाठी. तेही जुनं, कुणीतरी वापरलेलं.
मारणारा बाझील, आमच्याच वाडीतला,
पहिला ख्रिस्तप्रसाद माझ्याच रांगेत घेतलेला.

कोर्ट म्हणालं, दुर्मिळातलं दुर्मिळ.
मी म्हटलं, खरंच. अशी रोझी एकच होती.

रविवारी मिसा सुटल्यावर फादर ओल्विन घरी आले,
दयेच्या अर्जाची घडी खिशात.
चहा निवला तरी त्यांना कागद बाहेर काढवेना.

सालूमामा तयारीतच होता.
"राज्य करणाऱ्याच्या हातात तलवार देवानच दिल्यान ना, फादर?
ती काय नारळ सोलूक?"
घंटा वाजवणारा म्हातारा रुजाय उंबऱ्यावरून म्हणाला,
"पयलो खुनी काईन. सख्ख्या भावाक मारल्यान.
देवान त्याका मारल्यान काय?
कपाळार खूण केल्यान, कोणी हात लावू नये म्हणान."
"मगे करा खूण नि सोडा."
"सोडूक कोण सांगता? जलमभर आत बसांदेत."

बोलता बोलता दोघे उजवीकडच्या चोरापर्यंत पोचले.
सालूमामा म्हणाला, त्यानं स्वतःच कबूल केलं होतं,
आपल्याला मिळतंय ते रास्त आहे.
रुजाय म्हणाला, "आणि मधलो?"

तेव्हा पंख्याची करकर ऐकू आली.
मधला भिंतीवर होताच, ट्यूबलाइटच्या खाली,
एका खिळ्यावर,
कायद्यानं, रीतसर, लोकांच्या मागणीवरून मारलेला.

मला कुणी काही विचारलं नाही.
मला शास्त्र कळत नाही, दोर कळतो.
रापणीचा कोणता, होडी बांधायचा कोणता,
कोणता खाऱ्या पाण्यात किती पावसाळे टिकेल.
तो दोर काथ्याचा नसतो म्हणे, सुताचा असतो.
त्याला लोणी चोळतात म्हणे, पिकलं केळं कुस्करतात,
मानेला खरचटू नये म्हणून.

रोझीच्या वेळी कुणी काही मऊ केलं नव्हतं.
हे मी रागानंच म्हणते.
पण रागाच्या आत मला ते हात दिसतात,
लोणी चोळणारे.
पगारी हात. माझ्यासारखे, नखांत तंतू अडकलेले.
संध्याकाळी ते कशानं धुवायचे?
पेज कुणाला वाढायची त्या हातांनी?

आणखी एक गोष्ट फादरना ठाऊक आहे, म्हणून ते गप्प होते.
काथ्याच्या सोसायटीत राटाचं चाक फिरवते
ती पिएदाद, बाझीलची आई.
आणि काथ्या सोडत उलट्या पावली मागे जाते ती मी.
बदली मागितली नाही तिनं, मीही नाही.
आमच्यामध्ये वीस हात दोर, रोज,
आणि अकरा वर्षांत एक शब्द नाही.

मी म्हटलं, "फादर, द्या तो कागद.
पण वर लिहा, मी त्याला माफ केलेलं नाही."
"अर्जात तशी जागा नाही, बाय."
"मग जागा करा."

त्यांनी समासात लिहिलं, आडवं, बारीक अक्षरात.
मी वाचून बघितलं, दोनदा.
मग खाली सही केली.
सालूमामा न जेवता निघून गेला,
छत्री विसरून.

सोमवारी पिएदादचा हात थरथरत होता.
कुणी सांगितलं असेल तिला, किंवा नसेल.
चाक हळू फिरत होतं, दोर माझ्या बोटांत लोळत होता.
मी थांबले. वीस हातांवरून म्हटलं,

"जोरान फिरव गे.
पीळ ढिलो पडता."